गऽ चालतो, पण हातमोज्यांच्या ऑर्डरीत नाही

पत्र:

ताई, मी चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे, आमचे बरेच सप्लायर चीनमधल्या निंगबोचे. कॉलेजात असताना जॅपनीज एन-फोरपर्यंत केलं, आता चायनीज शिकतेय, एचएसके लेव्हल तीनची परीक्षा जवळ आलीय. बाकी सगळं बरं चाललंय पण आकडा आणि नामाच्या मधे येणारे ते मोजायचे शब्द! पुस्तकाला वेगळा, कागदाला वेगळा, मांजराला वेगळा, छत्रीला वेगळा. टीचरनी दीडशेएक शब्दांची यादी दिलीय, ती डोक्यात शिरत नाही, मग मी सगळीकडे गऽ, म्हणजे त्यांतला सगळ्यात सर्रास वापरला जाणारा शब्द, लावते आणि वही लाल होऊन परत येते. ऑफिसातला एकजण म्हणतो चिनी लोक स्वतःच सगळ्याला गऽ म्हणतात, सोड तो नाद. एका ॲपमध्ये कुत्र्याला झर आहे, दुसऱ्यात थ्याओ. जपानीतलं होन आणि चिनीतलं बन एकच अक्षर, पण एक पेन्सिलीला आणि एक पुस्तकाला, हा काय प्रकार आहे? आणि परवा हातमोज्यांच्या ऑर्डरीत मी दोन हजार गऽ लिहिलं तर सप्लायरनी उलट विचारलं, नक्की किती हवेत? यादी पाठ करू की सोडून देऊ? पुढच्या महिन्यात तिकडे जायचंय, त्याचंही टेन्शन आहे.
– गऽगऽ करून थकलेली, मोशी

उत्तर:

थकलेल्या गऽगऽबाई,

आधी हातमोजे, कारण तुझ्या अख्ख्या पत्राचं उत्तर त्या एका ओळीत बसलंय आणि तू ते शेवटी घाईघाईत लिहून मोकळी झालीस. सप्लायर तुझं व्याकरण काढत नव्हता गं, त्याला खरंच कळलं नव्हतं. चिनीत हातमोज्याची जोडी म्हणजे श्वांग (किंवा फू, दोन्ही चालतात), आणि जोडीतला एक सुटा हातमोजा म्हणजे झर. दोन हजार श्वांग म्हटलं की चार हजार हातमोजे, दोन हजार झर म्हटलं की एक हजार जोड्या. तू म्हणालीस दोन हजार गऽ, म्हणजे दोन हजार ‘काहीतरी’, आता त्यानं काय पॅक करायचं? विचारलं ते बरंच केलं, नाहीतर अर्धा माल आला असता नाहीतर दुप्पट बिल.

गंमत म्हणजे ह्या दोन शब्दांची जुनी, म्हणजे तैवान-हाँगकाँगला अजून लिहितात ती, अक्षरं बघितलीस तर पुन्हा कधी घोळ होणार नाही. झरच्या अक्षरात एक पक्षी हातात धरलाय, आणि श्वांगच्या अक्षरात तस्साच हात, पण त्यात दोन पक्षी. बास. एक पक्षी झर, दोन पक्षी श्वांग. मेनलँडच्या, म्हणजे मुख्य चीनच्या, सोप्या लिपीत हे पक्षी उडाले, म्हणून तुझ्या पुस्तकात दिसत नाहीत. बूट, मोजे, चॉपस्टिक, हात, डोळे, कान सगळं ह्याच हिशोबात, जोडी असेल तर श्वांग आणि त्यातला एक असेल तर झर. पँटला मात्र श्वांग लावू नकोस, इंग्रजीत तिची जोडी होते म्हणून अनेक जण फसतात, चिनीत पँट आपल्यासारखीच एक असते, फक्त लांब म्हणून तिला थ्याओ.

तर मुद्दा असा की तू ह्या शब्दांकडे नामाला लावायची शेपटी म्हणून बघतेयस, आणि टीचरची यादीपण तसंच बघायला शिकवते, डावीकडे शब्द उजवीकडे शेपटी, जोड्या लावा. पण मापशब्दात, म्हणजे तुझ्या ह्या मोजायच्या शब्दात, माहिती असते. तुला वस्तू कुठल्या रूपात हवीय, सुटी की जोडी की सेट की खोका, एवढं तो सांगतो. आणि हे आपल्याला परकं अजिबात नाही. भाजीवाल्याला कोण म्हणतं दोन मेथी द्या? दोन जुड्या म्हणतो. केळ्यांचा घड वेगळा, फणी वेगळी, डझन वेगळं. लसणाचा गड्डा आणि लसणाची पाकळी ह्यात गोंधळ झाला तर आमटीचं काय होईल ते तुला सांगायला नको. फरक एवढाच की आपण हे निवडक ठिकाणी करतो आणि चिनी माणूस प्रत्येक मोजणीत करतो, पुस्तकालासुद्धा, माणसालासुद्धा. (माणसाला आपणही करतोच की थोडंसं, ‘तीन जण आले’ ह्यातला जण काय करतोय वाटतं तुला? आणि बंगाल्यांचं एकटा-दुटो ऐकलंयस ना, त्यातला टा हा असाच मापशब्द.)

आता ऑफिसातल्या त्या ज्ञानेश्वरांकडे येऊ. चिनी लोक सगळ्याला गऽ म्हणतात हे अर्धं खरं आहे. माणूस, सफरचंद, प्रश्न, कल्पना, आठवडा, महिना, शहर ह्यांना गऽच लागतो, तिथे तू बरोबरच आहेस. कंपनीला ज्या आहे, सिनेमाला बू आहे, पण बोलताना गऽ म्हणणारे भरपूर चिनी लोक भेटतील आणि कुणाच्या भुवया वर जाणार नाहीत. पण पुस्तकाला गऽ, छत्रीला गऽ, गाडीला गऽ लावलास तर समजेल सगळ्यांना, फक्त ऐकायला परकं वाटेल, म्हणजे आपल्याकडे कुणी ‘माझा गाडी बंद पडला’ म्हणतं तसं. कळतं ना? कळतं. हसतो का आपण? थोडं. मदत करतो का? करतो. तेव्हा बोलताना अडकलीस की बिनधास्त गऽ टाक आणि पुढे जा, थांबून आठवत बसण्यापेक्षा ते शंभरपट बरं. आणि पाणी, भात, कागद असल्या गोष्टी गऽवर ढकलू नकोस, तिथे पेला (बेइ), बाटली (फिंग), वाडगा (वान), ताव (झांग) असं भांडं नाहीतर रूप सांगावंच लागतं, यी बेइ छा म्हणजे एक कप चहा.

ज्याला मी खरी चूक म्हणेन ती वेगळीच आहे, आणि पैज लावते की तूही घाईत करत असणार. मापशब्द गाळणं. आकडा आणि नाम नुसते शेजारी ठेवले की वाक्य मोडतं, तीन पुस्तकं म्हणजे सान शू असं काही नसतं, सान बन शू असतं. आणि वाक्य नुसतं मोडतंच असंही नाही, कधीकधी अर्थच पलटतो. सान गऽ युए म्हणजे तीन महिने, आणि गऽ काढून सान युए म्हटलं की झाला मार्च! फेब्रुवारी अर युए, दोन महिने ल्यांग गऽ युए. तुझ्यासारखीनं डिलिव्हरी किती दिवसात विचारलं, त्यांनी सान गऽ युए सांगितलं आणि हिनं फाइलीत मार्च टाकलं, झालं, प्लॅनिंगवाले तुला शोधत येणार. इमारतीचंही असंच, सान लोउ म्हणजे तिसरा मजला (आणि त्यांचा पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, तेही लक्षात ठेव), आणि सान छंग लोउ म्हणजे तीन मजले.

उलटी चूकसुद्धा आहे. दिवस (थ्येन), वर्ष (न्येन), वय सांगतानाचा स्वे, मिनिटं (फनझुंग) ह्यांना मापशब्द लागत नाही, ते स्वतःच माप आहेत. सान थ्येन, तीन दिवस, मधे काही नाही. इथे गऽ घुसवलास की तो मात्र कानाला टोचतो. महिना आणि आठवडा गऽ घेतात, दिवस आणि वर्ष घेत नाहीत, आणि ह्याला कारण विचारू नकोस, एका कागदावर लिहून आरशाला चिकटव आणि विसरून जा.

अजून एक, बेइजिंगकडचे लोक किंवा टीव्ही मालिका बघत असशील तर ल्या आणि सा असे शब्द ऐकू येतील, ल्या म्हणजे दोघं-दोन्ही, सा म्हणजे तिघं-तिन्ही. त्यांच्यात गऽ आधीच विरघळलेला आहे, त्यामुळे ल्या रन, दोन माणसं, झालं. ल्या गऽ रन म्हणायचं नाही.

आता कुत्रा. दोन्ही ॲप बरोबर आहेत, भांडू नकोस त्यांच्याशी. झर हा बऱ्याच प्राण्या-पक्ष्यांना चालतो, मांजर, कोंबडी, ससा, वाघसुद्धा. थ्याओ हा लांबट, वळणाऱ्या, लवचिक गोष्टींना, ते अक्षरच मुळात झाडाच्या बारीक फांदीचं. साप थ्याओ, मासा थ्याओ, रस्ता आणि नदी थ्याओ, पँट, टॉवेल, स्कार्फ थ्याओ. कुत्र्याकडे प्राणी म्हणून बघितलं की झर, लांबुळका देह म्हणून बघितलं की थ्याओ, कुठल्या भागात काय जास्त म्हणतात तेही बदलतं, परीक्षेत झर लिही आणि निवांत राहा. आणि हाच थ्याओ बातमीला लागतो, नियमाला, सूचनेला, वीचॅटवरच्या मेसेजलाही लागतो, म्हणजे ओळीनं येणाऱ्या कलमांना. एकदा ती लांब ओळ डोळ्यासमोर आली की यी थ्याओ शिनवन, एक बातमी, पाठ करावं लागत नाही.

झांगचं तर मला फार आवडतं. त्या अक्षरात डावीकडे धनुष्य आहे, मूळ अर्थ धनुष्य ताणणं, उघडणं, पसरणं. म्हणून जे जे पसरट आहे, सपाट पृष्ठ आहे ते झांग. कागद, तिकीट, नकाशा, फोटो, बँकेचं कार्ड, आणि टेबल, पलंग, कारण त्यांचंही वरचं पसरलेलं पृष्ठ महत्त्वाचं. चेहरा झांग. तोंडही झांग, कारण ते उघडतं! आणि खुर्ची? खुर्ची झांग नाही, बा. बा म्हणजे मूठ, पकड. जे हातात धरून उचलता येतं त्याला बा, छत्री, सुरी, कात्री, किल्ली, कंगवा, आणि खुर्ची, तिच्या पाठीला धरून ओढतो म्हणून. मूठभर तांदूळसुद्धा यी बा मी. बघ, टेबलाला धरत नाही, त्यावर काहीतरी पसरतो, खुर्चीला धरतो. असं एकदा बसलं की टेबल-खुर्चीची ती बदनाम अदलाबदल, जी झाडून सगळे विद्यार्थी करतात, ती तुझी होणार नाही.

एकाच वस्तूला तीन-तीन मापशब्द कसे, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण तोच आडून डोकावतोय. फूल घे. एकच उमललेलं फूल यी दुओ, दांडीसकट एक यी झर (हा झर अक्षरानं वेगळा, उच्चारानं मांजराच्या झरसारखाच, बोलताना कुणाला कळणारही नाही), गुच्छ असला तर यी शू. पाव घे. अख्खा पाव यी गऽ, तुकडा यी ख्वाइ, पातळ स्लाइस यी फ्येन. म्हणजे प्रश्न ‘पावाचा मापशब्द काय’ हा नाहीच, प्रश्न ‘तुला पाव कसा हवा’ हा आहे. यादी इथेच फसवते.

माणसांच्या बाबतीत रूपाऐवजी मान बघतात. साधा गऽ, आदरानं वेइ, घरात खाणारी तोंडं मोजायची तर खोउ म्हणजे तोंडच, वो ज्या योउ वू खोउ रन, आमच्या घरात पाच माणसं. पाहुणे, शिक्षक, क्लायंट ह्यांना वेइ. पण स्वतःला वेइ लावणं जरा आगाऊपणाचं, स्वतःच्या पुढे ‘श्रीमती’ लावून ओळख करून देण्यासारखं. तर निंगबोच्या हॉटेलात दारातच पोरगी विचारेल, जी वेइ? किती जण आहात? तेव्हा तू ऐटीत म्हणायचं सान गऽ. इथे तुझा लाडका गऽ अगदी जागच्या जागी.

जपानीचं दुखणं खरं आहे आणि ते पुण्यात जरा जास्तच, कारण आपल्याकडे आधी जॅपनीज आणि मग चायनीज अशी रांग लागलेली असते. अक्षरं जपान्यांनी चिनीतूनच घेतली, पण नंतर दोन्ही घरांत ती आपापल्या वाटेनं गेली. जपानीत होन लांब दांडीसारख्या गोष्टींना, पेन्सिल, बाटली, झाड. चिनीत तेच अक्षर बन, आणि ते पुस्तक-वहीला. जपानी पुस्तकाला सात्सु लावतात. जपानी हिकि मांजर-कुत्रा-मासा-किडा सगळ्यांना, चिनीत तेच अक्षर फी, आणि ते घोड्याला (आणि कापडाच्या ताग्याला). जपानी घोड्याला तो म्हणतात, चिनीत तेच अक्षर थोउ, ते गाय, डुक्कर, हत्ती ह्यांना, आणि बरं का, लसणाच्या गड्ड्यालाही. जपानी माइ सपाट गोष्टींना, चिनीत तेच मेइ, ते नाणी, पदकं, बिल्ले असल्या छोट्या वस्तूंना, आणि बातम्यांमध्ये क्षेपणास्त्रांनाही! गाडीला जपानीत दाइ, मेनलँड चिनीत ल्यांग, पण तैवानमध्ये तेच दाइवालं अक्षर, थाइ, गाडीला सर्रास लावतात. एकच दिलासा, जपानी को आणि चिनी गऽ हे सख्खे, तेच अक्षर, तेच सुट्या नगांचं काम.

पण तक्रार करण्याआधी हेही बघ की तू जपानीत इप्पोन, निहोन, सानबोन असा प्रत्येक आकड्याला बदलणारा उच्चार गिळलायस. चिनीत तो त्रासच नाही. सूर, म्हणजे अक्षर म्हणताना आवाजाचा चढ-उतार, तेवढा बदलतो, आणि तोही मुख्यतः एकचा, पुढे चौथा सूर आला तर यी चढतो, पहिला-दुसरा-तिसरा आला तर यी उतरतो. गऽ मुळात चौथ्या सुराचा, म्हणून यी गऽ मध्ये यी चढता, आणि यी झांग, यी थ्याओ, यी बन ह्यात उतरता. आणि मापशब्दापुढे दोन म्हणजे अर नाही, ल्यांग. म्हणून दोन गाड्या होतात ल्यांग ल्यांग छऽ, पहिला ल्यांग तिसऱ्या सुरात, दुसरा चौथ्या सुरात, हे म्हणून बघ आणि घरच्यांना विचार मला काय झालंय. आणि जागा सांभाळ, जपानीत आकडा नामानंतर क्रियापदाच्या जवळ टाकता येतो, चिनीच्या साध्या वाक्यात तो नामाच्या आधीच, वो माइ सान बन शू, मी तीन पुस्तकं विकत घेते.

हे सगळं झालं तरी पाठ काय करायचं हा प्रश्न आहेच. यादी फाडू नकोस, टीचरना वाईट वाटेल, पण ड्रॉवरमध्ये ठेव. त्याऐवजी नवा शब्द वहीत लिहितानाच त्याच्या डोक्यावर यी आणि मापशब्द बसवून लिही. शू असं लिहायचंच नाही, यी बन शू लिहायचं. छत्री म्हणजे नुसतं सान (हा तीनवाला सान नव्हे) नाही, यी बा सान. मराठीत तू कधी नामांच्या लिंगांची यादी पाठ केलीस का? ‘ती खुर्ची’, ‘तो पंखा’ असंच कानावर आलं ना, तसं. परीक्षेपुरते वीस-पंचवीस नीट बसले की भरपूर झाले. गऽ, बन, झांग, थ्याओ, दोन्ही झर, बा, ल्यांग, ज्येन, श्वांग, वेइ, खोउ, ख्वाइ, बेइ, फिंग, वान, ज्या, आणि ‘काही, थोडे’ ह्या अर्थाचे श्ये आणि द्येन. लेव्हल तीनला शब्द उलटसुलट देऊन वाक्य जुळवायला लावतात ना, तिथे मापशब्द त्रास देत नाही, मदत करतो. बन दिसला की पुढे पुस्तक-वही येणार, मागे आकडा किंवा ‘हा-तो-कुठला’ येणार. हे, ते, कुठलं, प्रत्येक, आणि दहाच्या आतली संख्या विचारणारा जी, ह्या सगळ्यांनंतर मापशब्द हवा. दुओशाओनं, म्हणजे साध्या ‘किती’नं, विचारलं तर नसला तरी चालतो. विशेषणं मापशब्द आणि नामाच्या मधे बसतात, आणि आकडा असला की ‘मन’ हा अनेकवचनाचा प्रत्यय लावायचा नाही, सान गऽ श्युएशंग, तीन विद्यार्थी, पुरे.

आणि तुझी खरी यादी ही नाहीच, तुझी यादी परचेसची. सेटला थाओ, खोक्याला श्यांग, मशीनला थाइ, लॉटला फी (हा घोड्याचा फी नाही, सूर वेगळा), करार किंवा रिपोर्टच्या प्रतीला फन, बिलाला झांग, रकमेला किंवा सौद्याला बी, म्हणजे लेखणी, खात्यात लेखणीनं एक नोंद झाली म्हणून एक बी. कंपनीला ज्या. ज्येन मात्र जपून. कपड्याला, सामानाला, एखाद्या प्रकरणालाही ज्येन म्हणतात, पण मालवाहतुकीत एक ज्येन म्हणजे अख्खं पार्सलही असू शकतं ज्याच्या आत चोवीस नग आहेत. कोटेशनमध्ये ज्येन दिसला की एका ज्येनमध्ये किती, हे लेखी विचारून घे. लाजायचं काय त्यात, तुझ्या सप्लायरनी नाही का विचारलं.

तिकडे गेलीस की बाजारातही जाशील, म्हणून वजनाचं सांगून ठेवते. पाटीवरचा भाव बहुतेक वेळा किलोचा नसतो, जिनचा असतो, आणि मेनलँडमध्ये एक जिन म्हणजे 500 ग्रॅम. किलोला गुंगजिन. लोक लिची स्वस्त म्हणून खूश होतात आणि मग हिशोब करतात. तैवानला गेलीस तर जिन 600 ग्रॅमचा, तेही वेगळंच. जिनचे दहा भाग म्हणजे दहा ल्यांग, एक ल्यांग 50 ग्रॅम. पूर्वी जिनमध्ये सोळा ल्यांग असायचे, 1959 मध्ये मेनलँडनी दहा केले, पण बान जिन बा ल्यांग, अर्धा जिन काय नि आठ ल्यांग काय, ही म्हण तशीच राहिली, दोघं सारखेच, हा नको नि तोही नको अशा अर्थानं. आपला शेरही सोळा छटाकांचाच की, आजीला विचार. आणि हा वजनाचा ल्यांग म्हणजे दोनवालाच ल्यांग, अक्षर तेच, सूर तोच, म्हणून दोन ल्यांग वजन सांगताना मात्र अर ल्यांग म्हणतात, तेवढ्यापुरता अर परत येतो. शांघायला शंगज्येन नावाचे खालून खरपूस भाजलेले, आत मांस भरलेले बाव मिळतात, ते ल्यांगवर विकतात आणि एक ल्यांग म्हणजे चार नग, वजन पिठाचं धरलेलं. दुकानात चार ल्यांग मागितलेस तर सोळा बाव पुढ्यात येतील, कंपनीबरोबर जा.

पैशालाही मापशब्दच. कागदावर युआन लिहितात, तोंडानं ख्वाइ म्हणतात, म्हणजे तुकडा. सान ख्वाइ वू, साडेतीन युआन.

क्रियापदं मोजायचेही शब्द आहेत, त्यांतले तीन आत्ता घे. त्स म्हणजे वेळा, किती वेळा आलो. ब्येन म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा, म्हणून फोनवर काही कळलं नाही की छिंग त्झाइ श्वो यी ब्येन, परत एकदा सांगा, हे वाक्य तोंडात ठेव, फार उपयोगाचं. आणि यी श्या, जरासं, दंग यी श्या म्हणजे जरा थांबा, जे तुला दिवसातून चाळीसदा ऐकायला लागणार आहे.

राहिली ती हातमोज्यांची मेल. वाक्यात आकडा नामाच्या आधी हे खरं, पण ऑर्डर, पावती, पॅकिंग लिस्ट असल्या कागदांवर ते उलट लिहितात, आधी मालाचं नाव, मग आकडा, मग मापशब्द. तेव्हा जोड्या हव्या असतील तर हातमोजे, 2000, श्वांग असं लिही, आणि खाली कंसात एकूण 4000 झर. ही ओळ आजच पाठव, सप्लायर बिचारा अजून थांबलेला असणार.

– ताई